फिटची गोळी

कडुबाकाका म्हणतात, तोंडी बोललेल्याला पुरावा नसतो. मी फोनवर काय बोलले ते मला माहीत आणि पलीकडच्या बाईला माहीत. दोघींनी गप्प बसायचं ठरवलं की विषय संपला. म्हणून मी हे लिहून ठेवतेय. माझं नाव लाइबा. डी. फार्म. झालेली आहे. चिकलठाण्यात, जालना रोडवरून आत वळलं की कडुबाकाकांचं मेडिकल लागतं, तिथं सहा वर्षं काउंटर सांभाळलं. माझ्या एका शब्दापायी राजनंदिनी नावाची सत्तावीस वर्षांची बाई मरता मरता वाचली. आता तिला पुन्हा त्या वाटेला जाऊ द्यायचं नाही, एवढंच मला हवंय. बाकी माझं जे व्हायचं ते होवो.

सुरुवात तेलापासून झाली.

मार्चमध्ये काकांनी काउंटरवर पुठ्ठ्याचा एक उभा स्टँड आणून ठेवला. त्यावर कमरेला टेप गुंडाळून हसणारी बाई आणि खाली कॅप्सूलच्या डब्या. नाव फिटसखी. 'संपूर्ण आयुर्वेदिक, दुष्परिणाम नाही. महिन्यात फरक.' डॉक्टरची चिठ्ठी नको, तपासणी नको. बिस्किटाचा पुडा उचलावा तशी डबी उचलायची. मी डबी उलटी करून वाचली. त्रिफळा, गुग्गुळ, मेथी. मी नाक मुरडलं आणि विकायला लागले. हेही लिहायलाच हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी पहिल्या दिवसापासून झेंडा घेऊन उभी होते.

तीन आठवडे गेले आणि बायका काउंटरवर वाकून बोलायला लागल्या. वाकून बोलणारी बाई म्हणजे काहीतरी लाजेचं असतं, हे सहा वर्षांत कळलं होतं. पन्नाशी उलटलेल्या, पाळी केव्हाच गेलेल्या बायका पॅडचे पुडे मागायला लागल्या. कंपनीत लाइनवर काम करणाऱ्या एकीला शिफ्ट सुटेपर्यंत तीनदा धावत जावं लागलं आणि सुपरवायझरनं सगळ्यांसमोर विचारलं, की घरून डबा आणतेस की जुलाबाचं औषध. दुसरीच्या कपड्यांना नारिंगी डाग पडत होते. "साबणानं निघंना, सोड्यानं निघंना. हळदीचं हाय का काय?" तिनं मला विचारलं. नुसता वारा सरला तरी कपडा खराब होतो, हे सांगताना तिनं पदर तोंडावर घेतला.

गंमत म्हणजे अर्ध्या जणी यावर खूश होत्या. तेल जातंय म्हणजे अंगातली चरबी वितळून बाहेर पडतेय, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. जिला जास्त तेल जातं तिची गोळी जास्त लागू पडली, आणि जिला जात नव्हतं ती माझ्याकडं येऊन विचारायची, की माझी डबी खोटी तर नाही. मी सांगत होते, बायांनो, ती तुमची चरबी नाही. काल भाजीत घातलेलं तेल आहे, पोटात न पचता तसंच खाली उतरतंय. पण कुणाला ऐकायचं होतं? रविवारी कुणाच्या दावतीत तर्रीदार नान-खलिया झाला की सोमवारी सकाळी माझ्या काउंटरवर रांग.

त्यात घरचे उपाय. पोट बिघडलं म्हणजे गोळी उष्ण पडली, आणि उष्णतेवर उतारा म्हणजे तूप. मागच्या गल्लीतल्या चार मजली इमारतीत सरूबाई राहतात, त्यांनी हा उपाय सगळ्या मजल्यांवर पोचवला होता. सरूबाई साठीच्या. आयुष्य शेतात गेलं, आता मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. हाताला काम नाही म्हणून अख्ख्या इमारतीच्या पोटाची काळजी करतात. रोज सकाळी अनशापोटी चमचाभर तूप. तेल पचू न देणाऱ्या गोळीवर तूप! ते सगळं जसंच्या तसं खाली उतरायचं आणि सरूबाई म्हणायच्या, बघा, उष्णता निघायली.

मग मी माझी अक्कल चालवली. तळलेलं बंद करा, तूप बंद करा. थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती पहाटे घ्या आणि या कॅप्सूलपासून चार तास लांब ठेवा. पाणी जास्त प्या. पोट दुखलं, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर डॉक्टरकडं पळा. सगळं बरोबर होतं. बायका मान डोलवायच्या, त्यांचा त्रास थोडा कमी व्हायचा आणि पुढची डबी विकली जायची. छत गळत होतं आणि मी खालची बादली बदलत होते. छत गळतंय, हे म्हणायची हिंमत नव्हती.

एकदा काकांना म्हणाले, "काका, डबीवर लिहिलंय ते आत नाही. त्रिफळ्यानं पोट साफ होईल, पण कपड्याला तेल लागायचं नाही. यात कुणीतरी दुसरंच औषध मिसळलंय, आणि ते लिहिलेलं नाही."

काकांनी गल्ल्यावरून मान वर केली. कडुबाकाका वाईट माणूस नाही, हे मी आजही म्हणते. माझ्या अब्बूंच्या आजारपणात त्यांनी मला दोन महिने बसून पगार दिला. पण त्यांना एखादी गोष्ट दिसायची नसली की ते ती बघतच नाहीत.

"बायका खूश हायत का नाय?" ते म्हणाले.

"कपडे बदलून बदलून खूश आहेत."

"मग तुला काय व्हायलंय? तू गोळ्या दे, प्रवचन करू नको. अन् माझ्या काउंटरवर उभं राहून माझ्याच मालाला नावं ठेवायची नाय. परत ऐकलं तर बघ."

मी परत ऐकू दिलं नाही. चूक झाली ती इथं झाली. फोन मी नंतर केला.

आता त्या शब्दाविषयी. आमच्याकडं औषधाचं खरं नाव कुणी घेत नाही. शुगरची, बीपीची, पित्ताची, ती पांढरी, ती लांबुडकी. फिटसखी आली तेव्हा महिन्याभरात तिचं नाव झालं फिटची गोळी. पण फिटची गोळी आमच्या दुकानात आधीपासून होती. ती फिट येणाऱ्यांची. फेफऱ्याची. हा मराठी शब्द कुणी उच्चारत नाही, दखनीतल्या मिरगीचंही तेच. मुलीच्या नावापुढं हा शब्द लागला की तिचं लग्न मोडतं. म्हणून सगळ्यांनी इंग्रजी शब्द घेतला, त्यात कमी लाज आहे असं समजून. दोन औषधं, एक नाव. पण मी कधी चुकले नाही, कारण ओळखायची युक्ती सोपी होती. मोठ्यानं मागितली तर कॅप्सूल, हळू मागितली तर फेफऱ्याची.

राजनंदिनी हळू मागायची. ती सरूबाईंची सून, बालवाडीत शिकवते. अकराव्या वर्षापासून तिला फेफरं येतं. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी लपवलं नाही, आणि विश्वजीतनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, हे माहीत असून होकार दिला. तो चितेगावला कंपनीत आहे. अट एकच होती, इमारतीत कुणाला कळता कामा नये. गोळी रोज रात्री सरूबाई स्वतःच्या हातानं तिला द्यायच्या, पाण्याच्या तांब्यासकट. सुनेच्या आठवणीवर सोडायला त्या तयार नव्हत्या. तीन वर्षांत एकदाही फिट आली नव्हती आणि त्याचं श्रेय सरूबाई स्वतःला देत होत्या. ते त्यांचं होतंही.

पण त्या गोळीनं वजन वाढतं. सगळ्यांचं नाही, राजनंदिनीचं वाढलं. लग्नातले ब्लाउज दंडाच्या वर चढेनात. इमारतीतल्या बायका गोड बातमी आहे का म्हणून विचारायच्या आणि नाही म्हटलं की पोटाकडं बघायच्या. मला ती एवढंच म्हणाली होती, "कारण सांगता येत नाही ना, मग लोक आळशी समजतात."

एप्रिलमधला शुक्रवार. सकाळी सरूबाई पॅडचा पुडा घ्यायला आल्या. म्हणाल्या, "सुनेला तेल जायलंय. पंधरा दिवस झाले फिटची गोळी लावून. चांगली उतरायलीय बरं का."

दुकानात गर्दी होती. पैसे ठेवून, पुडा घेऊन त्या निघूनही गेल्या. कुणीतरी जोरात फिटची मागितली असेल, काकांनी दिली असेल, मी त्या दिवशी जेवायला घरी गेले असेन. अशा कॅप्सूलनं पोटातून दुसऱ्या गोळ्या नीट अंगी लागत नाहीत. फेफऱ्याची गोळी अंगी लागली नाही, तर तीन वर्षं दबून बसलेलं केव्हाही उठेल. म्हणजे राजनंदिनी रोज गोळी घेत होती आणि कदाचित ती घेतल्यासारखीच नव्हती.

मी फोन उचलला. वहीत त्यांच्या घरचा एकच नंबर होता, तो सरूबाईंचा. समोर सात-आठ गिऱ्हाइकं, आणि दोन हातांवर काका गल्ल्याला बसलेले. फिटसखी बंद करा, असं म्हटलं असतं तर काकांनी ऐकलं असतं. मी पाठ फिरवली, फोनवर हात धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "सरूबाई, सुनेची ती फिटची गोळी आजपासून बंद करा. एकही द्यायची नाही."

"बंद?" त्या म्हणाल्या. त्यांचाही आवाज खाली आला. "बंद करून चालंल व्हय?"

"चालेल. मी सांगतेय ना. काही होत नाही."

"इतक्या वर्साची गोळी, अन् एकदम..."

हे वाक्य मला ऐकू आलं नाही. खोटं कशाला बोलू, अर्धं आलं होतं. पण पाठीमागं एक माणूस खोकल्याच्या बाटलीवर घासाघीस करत होता आणि काका माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "हो हो, एकदम," आणि फोन ठेवला. बरं वाटलं मला. काकांना न दुखवता एक जीव वाचवला, असं वाटलं. दुपारी डबा खाताना मी स्वतःवर जाम खूश होते.

मंगळवारी त्या भागात नळाला पाणी आलं. आमच्याकडं पाणी आठवड्यानं येतं, आलं की सगळी इमारत जिन्यावर असते. अकराच्या सुमाराला सरूबाई दुकानात शिरल्या. पायात चप्पल नव्हती. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं.

"लाइबा, पोरगी जिन्यात पडली. हंडा घेऊन वर यायली व्हती. हातपाय झाडणं थांबंचना. तोंडातून रगत. दवाखान्यात नेलंय विश्वजीतनं. ते डॉक्टर इचारायलेत, कोणत्या गोळ्या चालू हायत ते लिहून दे."

मी काउंटरच्या बाहेर आले. "कॅप्सूल कधी बंद केलीत?"

"कॅप्सूल कशाला बंद करीन? ती चालू हाय. तू फिटची बंद कर म्हणलीस, ती केली. शुक्रवारपासून एक दिली नाय. सप्पय गोळ्या डब्यात काढून ठिवल्यात बघ."

त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. बाई अडाणी नव्हती. मी हळू बोलले होते, आणि हळू म्हणजे कुठली गोळी, हे जसं मला माहीत होतं तसं त्यांनाही माहीत होतं. त्यांनी माझं बरोबर ऐकलं होतं. फेफऱ्याची गोळी अशी एकदम कधीही तोडायची नसते, हे डी. फार्म.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मी चार दिवसांपूर्वी एका बाईची ती गोळी तोडली होती आणि वर डबा खाल्ला होता.

"मी येते," मी सरूबाईंना म्हणाले.

काकांनी माझा दंड धरून मला आतल्या बाजूला, इंजेक्शनच्या फ्रिजजवळ नेलं. सहा वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. "येडी झालीस का? तिथं जाऊन काय बोलणार तू? फोनवर कोण काय बोललं, कुणाला दिसतंय? तिचा आजार जुना हाय. म्हातारीला ऐकू कमी येतं. एवढंच म्हणायचं."

"म्हातारीला माझ्यापेक्षा जास्त ऐकू येतं, काका."

"तुझं रजिस्ट्रेशन जाईल."

"जाऊ दे. हात सोडा."

काका माझ्यामागोमाग दवाखान्यात आले, हातात दोन शहाळी घेऊन. राजनंदिनीच्या कपाळाला चार टाके होते. जीभ चावल्यानं तोंड सुजलेलं, डोळे अर्धवट उघडे. विश्वजीत उशाला उभा होता, कंपनीचा शर्ट तसाच. एक तरुण डॉक्टरीणबाई केसपेपरवर लिहीत होत्या. औषध कमी पडायला लागलंय, त्या विश्वजीतला सांगत होत्या. डोस वाढवू आणि सोबत आणखी एक सुरू करू.

"मॅडम, औषध कमी पडलं नाही," मी म्हणाले. "ते बंद होतं. चार दिवस. मी बंद करायला सांगितलं."

काका मध्ये पडले. "डॉक्टरसाहेब, आमच्या बाईकडून असं बोलणं झालंच नाय. पोरगी घाबरलीय."

"झालंय," मी म्हणाले. "शुक्रवारी, साडेदहा वाजता. मला वजन कमी करायची कॅप्सूल बंद करायची होती. मालक शेजारी बसले होते म्हणून मी तिचं नाव घेतलं नाही. फिटची गोळी म्हणाले. तिच्या सासूबाईंनी फेफऱ्याची बंद केली आणि कॅप्सूल चालू ठेवली." मी पर्समधून डबी काढून त्यांच्या हातात दिली. "ही. यावर लिहिलंय त्यापेक्षा आत वेगळं काहीतरी आहे. खाल्लेलं तेल तसंच बाहेर पडतं."

डॉक्टरीणबाईंनी डबी वाचली, मग माझ्याकडं बघितलं. त्या मला बोलतील असं वाटलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी केसपेपरवरची ओळ खोडली. "म्हणजे दोन्हीकडून मार बसला," त्या म्हणाल्या. "जुनीच गोळी जुन्याच डोसनं सुरू करू. वाढवली असती तर बाई दिवसभर झोपून राहिली असती. ही कॅप्सूल पुन्हा घरात आणायची नाही."

सरूबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. "म्हंजी म्याच मारायले व्हते का तिला?"

"नाही, मी," मी म्हणाले.

विश्वजीत मला काय काय बोलला ते लिहीत नाही. सगळं खरं होतं. तो थांबला तेव्हा राजनंदिनीनं हात हलवला. सुजलेल्या तोंडानं ती हळूहळू बोलली, आणि माझ्याकडंच बघून बोलली. "आत्याबाई म्हणाल्या, मेडिकलवाल्या बाईनं सांगितलंय, गोळी बंद. मी विचारलं नाही. मला वाटलं, सुटले." मग म्हणाली, "सोळा वर्षं झाली हो. मला वाटलं, आता बरी झाले असेन."

मी शिकलेली होते, म्हणून तिनं विचारलं नाही. काकांनी शहाळी खिडकीत ठेवली आणि ते गेले. मी जिन्यात जाऊन रडले. रडून काही झालं नाही. परत वर जाऊन तिच्या गोळ्यांची नावं, डोस, वेळा सगळं डॉक्टरीणबाईंना लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी काउंटरवरचा स्टँड गायब होता. मला वाटलं काकांना उपरती झाली. दुपारी एक बाई आली, तिनं काकांकडं बघून नुसती मान हलवली आणि काकांनी आतल्या कपाटातून डबी काढून दिली. तिनं विचारलं, "काका, त्या मागच्या इमारतीतली पडली म्हणं ही खाऊन?"

काका पुढं वाकले. "ह्याचं काय नाय त्यात. तिला मुळातच तसला आजार व्हता. घरच्यांनी लपवला."

सोळा वर्षं दोन घरांनी जिवापाड झाकलेली गोष्ट त्यांनी एका डबीसाठी विकली. तीही कुजबुजत. मी ती डबी बाईच्या हातातून काढून घेतली, तिचे पैसे परत केले आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की या कॅप्सूलमध्ये न लिहिलेलं औषध आहे, जिची कुठली गोळी चालू आहे तिनं ही घेऊ नये, आणि जिची चालू नाही तिनंही घेऊ नये. काका उभे राहिले. मी भिंतीवरची माझ्या सर्टिफिकेटची फ्रेम खिळ्यावरून काढली. त्या कागदाशिवाय दुकान उघडता येत नाही, हे त्यांना माहीत होतं.

"भाड्यानं दुसरं आणीन," ते म्हणाले.

"आणा. तोपर्यंत शटर खाली घ्या."

घरी आले तर अम्मीनं फ्रेम बघितली आणि समजायचं ते समजली. संध्याकाळी मी औषध प्रशासनाला तक्रार लिहायला बसले तेव्हा ती शेजारी येऊन बसली. "उनका नाम लिख, अपना नाम नक्को लिख. तेरीच डिग्री जाती."

"अम्मी, माझं नाव काढलं तर गोष्टच राहत नाही."

"हौ, पन तेरेकू क्या मिला?"

ती उठून पोळ्या करायला गेली आणि मी लिहीत राहिले. फोन, तारीख, वेळ, कोण शेजारी बसलं होतं, मी कोणाला घाबरले. साडेतीन पानं झाली. पण मी एकटीनं दिली तर काका म्हणणार, कामावरून काढलेली बाई सूड घेतेय. जिला त्रास झाला तिची सही हवी, तिचा आजार हवा. नाहीतर कपाट तसंच राहणार आणि कुणीतरी दुसरी हळू आवाजात गोळी मागणारी जिन्यात पडणार. कदाचित राजनंदिनीच, पुन्हा. वजन अजून तेवढंच होतं आणि बायका अजून पोटाकडं बघतच होत्या.

रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. मला आत घेतील याची खात्री नव्हती. सरूबाईंनी दार उघडलं आणि त्या बाजूला झाल्या. राजनंदिनी पलंगावर बसली होती. मी कागद पुढं ठेवून कशासाठी आले ते सांगितलं.

"तिचं नाव कशाला?" विश्वजीत म्हणाला. "तुमची चूक आहे, तुमचं नाव लिहा."

"माझं पहिल्या ओळीत आहे. वाचा."

"सरकारी कागदावर एकदा आजार लागला की कायमचा लागला. उद्या बालवाडीवाले काढून टाकतील."

"कागदानं कशाला," सरूबाई म्हणाल्या. "कडुबानं सगळ्या गल्लीला सांगून झालंय. कालच्याला खालची ती आली, म्हणती, आमच्या पोराला तुमच्या सुनेजवळ पाठवावं का नाय इचार करायलो." "तीन वर्सं म्या तोंड शिवून बसले. काय उपेग झाला?"

राजनंदिनी यातलं काही ऐकत नव्हती. तिनं कागद मांडीवर घेतले होते आणि ती बोट ठेवून वाचत होती, बालवाडीत वाचून दाखवावं तसं, सावकाश. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"पेन आहे का?" तिनं मला विचारलं.

मी दिलं. वाटलं, सही करतेय. तिनं कागद माझ्याकडं वळवला. मी लिहिलं होतं: 'सदर महिला अनेक वर्षांपासून फिटची गोळी घेत असून...' माझ्या हातानं, माझ्या अक्षरात. एवढं सगळं होऊन, तक्रारीतसुद्धा.

"इथंच तर मरत होते मी," ती म्हणाली.

माझी मान वर होईना. तिनं तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, फेफऱ्याची. दाबून लिहिलं, कागद पलीकडून उमटला. मग विचारलं, "अजून कुठं कुठं आहे?" आम्ही दोघींनी मिळून चारही पानं बघितली. नऊ ठिकाणी निघाला. काही ठिकाणी तर मलाच कळेना, मला त्या वेळी गोळी म्हणायची होती की कॅप्सूल. तिनं नऊच्या नऊ खोडले, प्रत्येकाच्या वर खरं नाव लिहिलं आणि शेवटच्या पानावर पूर्ण नावानं सही केली. सरूबाईंनी साक्षीदार म्हणून आपलं नाव लिहिलं. त्यांना तेवढंच लिहिता येतं.

विश्वजीतनं चारही पानं उलटून बघितली. मग म्हणाला, "निदान कोरी प्रत तरी काढा. एवढी खाडाखोड बरी दिसत नाही."

"राहू द्या," राजनंदिनी म्हणाली. "आधी काय लिहिलं होतं, तेही वाचू द्या त्यांना."